लस्टर क्लायंट: वापरायला दमदार, दुरुस्तीला कष्टाचा

माउंट केला, फोल्डर दिसला, काम सुरू. लस्टर ही अनेक मशीनांनी एकदम वापरायची फाइल सिस्टिम, आणि तिचा क्लायंट म्हणजे क्लस्टरमधल्या प्रत्येक मशीनवर, म्हणजे नोडवर, चालणारा भाग. तो नीट चालत असला की वापरणाऱ्याला त्याची आठवणही होत नाही. हजारो नोड एकाच फाइल सिस्टिमवर एकदम लिहीत असतात आणि प्रत्येकाला ती आपल्याच मशीनमधली डिस्क वाटते. मोठ्या सुपरकॉम्प्युटरांवर त्याचं बस्तान बसलं ते याच जोरावर. सी-डॅकने उभारलेल्या परम मालिकेतल्या यंत्रांवरही लस्टर आहे. त्याच्या वेगाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, म्हणून इथे वेग बाजूला ठेवून दुसरीच बाजू बघू: हा क्लायंट अडला, की कोड उघडून त्यात हात घालणाऱ्याला काय मिळतं?

निकाल आधीच सांगून टाकू. बग शोधायची साधनं अव्वल. कोडची मांडणी दमछाक करणारी. आणि साफसफाई करताना नवे बग घुसायला इथे इतक्या फटी आहेत, की वरवर निरुपद्रवी दिसणारा पॅचही (कोडमधला सुटा बदल) संशयानेच वाचावा लागतो.

इतिहास थोडक्यात हवाच, कारण कोडमधले थर त्यातूनच आलेत. लस्टरची सुरुवात १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात पीटर ब्राम यांच्या प्रकल्पातून झाली आणि १.० आवृत्ती २००३ मध्ये आली. पुढे तो सन, ओरॅकल, व्हॅमक्लाउड, इंटेल असा हात बदलत २०१८ मध्ये डीडीएन या स्टोरेज कंपनीकडे गेला. मधल्या काळात क्लायंट लिनक्सखेरीज इतर ऑपरेटिंग सिस्टिमवरही चालावा म्हणून लिबसीएफएस नावाचा एक मधला थर बांधला गेला. मेमरी मागायची, लॉक घ्यायचं, वाट बघायची, हॅश टेबल वापरायचं, या सगळ्यासाठी लस्टरची स्वतःची फंक्शनं. इतर सिस्टिमचा बेत मागे पडला, थर मात्र तसाच राहिला. आज साफसफाई म्हणतात ती बरीचशी हा थर उतरवण्याचीच.

२०१३ मध्ये क्लायंट लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) ३.११ आवृत्तीत आला, तोही स्टेजिंगमध्ये. स्टेजिंग म्हणजे कर्नलची ओसरी: शिस्त लागली की घरात घ्यायचं. पाच वर्षं तो ओसरीवरच बसून होता आणि २०१८ मध्ये ४.१८ च्या वेळी स्टेजिंग सांभाळणाऱ्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी तो काढून टाकला. कारण उघड होतं. नवं काम सगळं कर्नलबाहेरच्या मूळ कोडमध्ये चालायचं आणि साफसफाई कर्नलमधल्या प्रतीत. दोन्ही प्रती लांब लांब जात राहिल्या आणि प्रत्येक दुरुस्ती हाताने इकडून तिकडे न्यावी लागली. त्यातच स्टेजिंगमधल्या पॅचांचा मोठा हिस्सा मोकळ्या जागा, कंस आणि ऐंशी अक्षरांच्या ओळींचा. अशा पॅचांनी चेकपॅच, म्हणजे कर्नलची शैली तपासणारी स्क्रिप्ट, खूश होते, पण खालच्या गुंत्याचा एक धागाही सुटत नाही. कोणत्याही मोठ्या कोडच्या सफाईचा बेत आखणाऱ्याने ही पाच वर्षं नीट अभ्यासावीत.

आता प्रत्यक्ष माल बघू. प्रोग्रॅमने राइट केलं की विनंती आधी एललाइट या भागात येते. कर्नलच्या व्हीएफएसशी (सगळ्या फाइल सिस्टिमांच्या सामाईक थराशी) बोलणारा भाग तो हाच. तिथून एलओव्ही फाइलचे पट्टे पाडतो: कुठला तुकडा कुठल्या स्टोरेज टार्गेटवर (सर्व्हरवरच्या डेटा साठवायच्या जागेवर) जायचा, ते इथे ठरतं. प्रत्येक टार्गेटसाठी एक ओएससी असतो. तो मेमरीतली पानं (डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे) गोळा करून त्यांचे गठ्ठे बांधतो आणि सर्व्हरला विनंत्या, म्हणजे आरपीसी, पाठवणाऱ्या पीटीएलआरपीसीकडे देतो. त्याच्या खाली लस्टरचा नेटवर्कचा थर एलनेट, आणि एलनेटच्या खाली टीसीपी किंवा इन्फिनीबँडचा ड्रायव्हर. नावं, परवानग्या, फोल्डर यांचा, म्हणजे मेटाडेटाचा, रस्ता वेगळा: एललाइट, एलएमव्ही, एमडीसी. या सगळ्यांना आडवा छेदून जातो एलडीएलएम, म्हणजे लॉकचा कारभार: फाइलचा कुठला भाग कोणत्या नोडने कधी वापरायचा, ते लॉक ठरवतात. बग कुठल्या थरात आहे हे ठरवल्याशिवाय कोड उघडू नये; उघडला तर दोन दिवस एललाइटमध्ये जातात आणि चूक निघते ओएससीमध्ये. फाइलींच्या नावांवरही फार विसंबू नये. एललाइटमधल्या एका फाइलच्या नावात 'आरडब्ल्यू२६' आहे. हे २६ कर्नल २.६ च्या काळातले.

दुरुस्तीच्या आधी एक खात्री करायची: हा खरंच बग आहे का? 'लस्टर हळू चालतोय' या तक्रारीमागे अनेकदा मांडणी असते. मूळ सेटिंगमध्ये फाइलचा पट्टा एकच असतो आणि त्याचा आकार १ एमबी. शंभर जीबीची फाइल एका टार्गेटवर बसली, तर बाकीची टार्गेटं रिकामी बसून राहणारच. एलएफएस गेटस्ट्राइप या कमांडने मांडणी बघावी. फोल्डरवर सेटस्ट्राइपने चार पट्टे आणि ४ एमबी आकार लावून नव्या फाइलीवर मोजणी करावी, कारण जुन्या फाइलींची मांडणी आपोआप बदलत नाही. लाखभर छोट्या फाइलींच्या फोल्डरमध्ये एलएस -एल रेंगाळतं, त्यातही बग नसतो. प्रत्येक फाइलचा आकार स्टोरेज टार्गेटकडून विचारून आणावा लागतो, म्हणून वेळ जातो.

या मालाची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे त्याचा डीबग लॉग. मेमरीतल्या गोल बफरमध्ये, प्रत्येक सीपीयूसाठी वेगळा, तो सतत लिहिला जातो. डिस्कला हात लावत नाही, म्हणून वेळेवर अवलंबून असलेले बगही बऱ्याचदा त्याच्यासमोर टिकून राहतात, आणि ते पकडायला हीच गोष्ट सगळ्यात जास्त लागते. पद्धत अशी: लस्टरच्या एलसीटीएल या कमांडने डीबग-एमबी (बफरचा आकार) ५१२ करा, नाहीतर जुन्या ओळी पुसल्या जातात. कुठल्या प्रकारच्या ओळी लिहायच्या ते ठरवणाऱ्या डीबग मास्कमध्ये आरपीसीट्रेस, डीएलएमट्रेस आणि व्हीएफएसट्रेस अधिक चिन्हाने जोडा. एलसीटीएल क्लिअर करा. एलसीटीएल मार्कने एक खुणेची ओळ टाका. बग घडवा. लगेच एलसीटीएल डीकेने लॉग फाइलीत उतरवा. सगळेच मास्क एकदम चालू करायचा मोह आवरा. लॉग इतका धो धो वाहतो की नेमकी हवी ती ओळच वाहून जाते.

त्यातली ओळ वाचायला शिकणं म्हणजे अर्धी दुरुस्ती. '०००००१००:००१०००००' अशी सुरुवात असेल, तर पहिला आकडा भाग सांगतो आणि दुसरा मास्क. ०००००१०० म्हणजे आरपीसी, ००००००८० म्हणजे एललाइट, ०००१०००० म्हणजे एलडीएलएम. दुसऱ्या जागी ००१००००० असेल तर आरपीसीचा माग, ०००२०००० असेल तर चूक. पुढे सीपीयू, वेळ, प्रोसेसचा क्रमांक, फाइल, ओळ आणि फंक्शन. आरपीसीच्या ओळीत शेवटी एक्सआयडी (त्या विनंतीचा क्रमांक), समोरच्या मशीनचा पत्ता आणि ऑपरेशनचा क्रमांक असतो. ३ म्हणजे रीड, ४ म्हणजे राइट, ३६ मध्ये फाइल बनवणं, नाव बदलणं, पुसणं हे सगळं येतं. १०१ लॉकची मागणी, १०३ लॉक सोडणं, १०४ 'लॉक सोड' असा सर्व्हरचा निरोप, आणि ४०० हा नुसता पिंग.

अडकलेल्या विनंतीचा माग एक्सआयडीवरून काढायचा. क्लायंटच्या लॉगमध्ये 'सेंडिंग' आहे पण 'कम्प्लीटेड' नाही, असा एक्सआयडी पकडा आणि तोच सर्व्हरच्या लॉगमध्ये शोधा. तिथे 'हँडलिंग' ही ओळच नसेल, तर विनंती वाटेत हरवली: एलनेट आणि केबल बघा. 'हँडलिंग' आहे पण 'हँडल्ड' नाही, तर सर्व्हर अडकलाय आणि क्लायंटचा कोड उघडायची गरज नाही. दोन्ही असतील आणि क्लायंट तरीही थांबलेला असेल, तर उत्तर वाटेत गेलं किंवा चूक क्लायंटमध्ये आहे. आता पीटीएलआरपीसी वाचायला बसा. तीन शक्यता, दोन लॉग, पंधरा मिनिटं. फाइल सिस्टिमच्या क्लायंटमध्ये इतकी सरळ वाट दुर्मीळ आहे.

सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे 'एव्हिक्शन'. लॉगमध्ये १६७-० हा क्रमांक दिसतो, सर्व्हरने क्लायंटला बाहेर काढल्याचं कळतं, आणि प्रोग्रॅमला उणे ५ किंवा उणे १०८ हा एरर कोड मिळतो. होतं असं: दुसऱ्या नोडला तीच फाइल हवी असते, सर्व्हर आपल्या क्लायंटला लॉक सोडायला सांगतो, आणि क्लायंट ठरलेल्या मुदतीत सोडत नाही. सोडत नाही त्याची कारणं बहुधा चार. निरोप पोचलाच नाही. निरोप पोचला, पण सोडण्याआधी बदललेली, अजून सर्व्हरला न पाठवलेली पानं लिहून काढायची होती आणि ती अडकली. लॉकवर कोणाचा तरी संदर्भ शिल्लक राहिला, म्हणजे वापरणाऱ्यांचा काउंट वाढवला आणि चुकीच्या वाटेने बाहेर पडताना कमी केला नाही. किंवा मशीनच गुदमरलेलं होतं, मेमरी संपली होती. यांपैकी तिसरं कारण क्लायंटमधला खरा बग. मुदत वाढवून तो झाकता येतो, आणि अनेक ठिकाणी तसं केलंही जातं. मुदत वाढवली की एव्हिक्शन थांबतं आणि सगळा क्लस्टर काही मिनिटं गोठतो. ही दुरुस्ती मानू नये.

असा बग हवा तेव्हा घडवता येतो, हे लस्टरचं दुसरं बलस्थान. कोडमध्ये जागोजागी फेल-लोक नावाच्या चोरवाटा ठेवल्या आहेत. क्लायंटवर फेल-लोक हेक्स ३०५ लावला, की सर्व्हरचा 'लॉक सोड' हा निरोप क्लायंट टाकून देतो. त्यात हेक्स ८००००००० मिळवून ८००००३०५ लिहिलं तर हे एकदाच घडतं, आणि निरोप पुन्हा आल्यावर गाडी रुळावर येते की नाही ते तपासता येतं. दुरुस्तीचा पॅच पाठवताना अशी एक चाचणी सोबत नसेल, तर परीक्षक ती मागणारच, आणि मागावीच.

चाचणीसाठी मोठा क्लस्टर लागत नाही. एका व्हर्च्युअल मशीनवर सर्व्हरसकट बांधणी करा. टेस्ट फोल्डरमधली एलएलमाउंट स्क्रिप्ट चालवली की टेंप फोल्डरमधल्या साध्या फाइलींवर मेटाडेटा टार्गेट आणि स्टोरेज टार्गेटं उभी राहतात आणि क्लायंट त्याच मशीनवर माउंट होतो. मग सॅनिटी स्क्रिप्ट, 'ओन्ली' या व्हेरिएबलमध्ये चाचणीचा क्रमांक देऊन. सॅनिटी-एन ही वेगळी स्क्रिप्ट एकाच मशीनवर दोन माउंट धरून दोघांना एकमेकांचे बदल दिसतात का ते बघते. लॉक किंवा कॅशला हात लावलेला प्रत्येक पॅच हिच्यातून गेलाच पाहिजे. नेटवर्क तुटणं-जुळणं यासाठी रिकव्हरी-स्मॉल आहे.

आता साफसफाई. लस्टरच्या स्वतःच्या मॅक्रोंच्या जागी कर्नलची फंक्शनं आणायची, हे बोलायला सोपं आहे.

मेमरीचंच घ्या. ओबीडी-अलॉक हा मॅक्रो मेमरी देतो, ती शून्याने भरतो, देताना आपणच किती दिली त्याची नोंद ठेवतो, आणि मागणी जीएफपी-नोएफएस या प्रकारात करतो, म्हणजे मेमरी मोकळी करायला कर्नलने फाइल सिस्टिमकडे येऊ नये असं सांगून. त्याच्या जागी कर्नलचं के-मॅलॉक टाकलं तर शून्य भरणं गेलं, म्हणून के-झेडअलॉकच हवं. प्रकार जीएफपी-कर्नल केला तर दिसायला सगळं ठीक, पण मेमरी कमी पडल्यावर कर्नल पानं मोकळी करायला याच फाइल सिस्टिमकडे येतो, आपण आधीच तिचं लॉक धरून बसलेलो असतो, आणि मशीन जागच्या जागी थिजतं. हा बग छोट्या व्हर्च्युअल मशीनवर दिसेलच असं नाही. भरल्या ताटावर, भरल्या मेमरीत दिसतो. मोठ्या तुकड्यांसाठीचा 'लार्ज' मॅक्रो गरजेनुसार व्हीमॅलॉककडे जातो, तिथे केव्ही-झेडअलॉक आणि सोडताना केव्ही-फ्री ही जोडी लागते. नुसतं के-फ्री लिहिलं तर क्रॅश. आणि सगळं बरोबर केलं तरी लस्टरची गळतीची नोंद हातून जातेच. कर्नलच्या प्रतीत असा बदल एकगठ्ठा करण्यासाठी कॉक्सिनेल हे हत्यार वापरलं गेलं. ते उत्तम आहे, पण त्याने बदललेली प्रत्येक जागा डोळ्यांखालून घालायला हवीच.

याहून अवघड प्रकरण वाट बघण्याचं. लस्टरचा जुना एल-वेट-इव्हेंट मॅक्रो थ्रेडला व्यत्यय चालेल अशा झोपेत पाठवायचा, पण त्याआधी सिग्नल अडवून ठेवायचा. हे विचित्र वाटतं, पण त्याला कारण होतं. व्यत्यय न चालणारी झोप घेतलेले थ्रेड मशीनच्या लोड ॲव्हरेजमध्ये (कामाचा भार दाखवणाऱ्या आकड्यात) मोजले जातात. लस्टरचे अनेक थ्रेड काम नसताना झोपूनच असतात, म्हणजे रिकाम्या मशीनचा लोडही फुगलेला दिसला असता. हे न कळता त्या जागी साधं वेट-इव्हेंट टाकलं, की लोड चढतो आणि १२० सेकंदांनंतर 'टास्क अडकलं' असे इशारे लॉगमध्ये येऊ लागतात. मग कोणी वेट-इव्हेंट-इंटरप्टिबल टाकतं. आता सिग्नल आला की थ्रेड मध्येच उठतो, जुना कोड परतलेली किंमत तपासत नाही, आणि अजून न आलेलं उत्तर आलंय असं समजून पुढे जातो. पहिल्या चुकीने इशारे येतात, दुसरीने डेटा बिघडतो.

योग्य उत्तर कर्नलमध्ये तयार नव्हतंच. लोडमध्ये न मोजली जाणारी टास्क-आयडल ही स्थिती होती, पण तिच्यावर थांबायची फंक्शनं नव्हती. लस्टरच्या सफाईतूनच कर्नल डेव्हलपर नील ब्राउन यांनी वेट-इव्हेंट-आयडल हा संच लिहिला आणि तो ४.१७ मध्ये कर्नलमध्ये गेला. पुढच्याच आवृत्तीत लस्टर बाहेर गेला, संच मात्र सगळ्यांसाठी राहिला. या सगळ्या खटाटोपातली ही सर्वांत सुंदर गोष्ट: जुनं विचित्र वागणं पुसून न टाकता त्यामागची गरज ओळखली आणि ती योग्य जागी बसवली.

तरीही बदलताना एक सापळा उरतो. जुना मॅक्रो अट पुरी झाली की शून्य द्यायचा आणि मुदत संपली की उणे किंमत. नवं मुदतवालं फंक्शन मुदत संपली की शून्य देतं आणि अट पुरी झाली की उरलेला वेळ, म्हणजे किमान एक. अर्थ बरोब्बर उलटा. कंपायलर एक अक्षर बोलत नाही. पुढची 'शून्य असेल तर यश' ही ओळ तशीच राहिली, तर मुदत संपलेली विनंती यशस्वी ठरते.

एल-असर्ट, म्हणजे अट खोटी निघाली तर मशीनच थांबवणारी तपासणी, काढताना कंसात काय आहे ते आधी वाचा. आत काउंट कमी करणारं फंक्शन असेल तर ओळ पुसल्यावर तेही जातं. उलट, नेटवर्कवरून आलेल्या किमतीवर असर्ट लावलेला असेल तर तोच बग आहे: सर्व्हरच्या एका चुकीच्या उत्तराने क्लायंटचं मशीन पडू नये, प्रोटोकॉलची चूक परत द्यावी.

विनंतीच्या वाटेवर आणखी एक नेहमीची चूक. विनंती तयार केली आणि पॅक करताना अपयश आलं, तर ती रिक्वेस्ट-फ्रीने सोडायची. पॅक यशस्वी झाल्यावर मात्र कुठल्याही वाटेने बाहेर पडताना संदर्भ कमी करणारं फंक्शन वापरायचं. साफसफाई करणारे सगळे बाहेर पडायचे रस्ते एकाच 'आउट' लेबलवर आणतात तेव्हा नेमकी ही रेषा पुसली जाते. दोन लेबलं ठेवा.

नेटवर्कवर जाणाऱ्या स्ट्रक्चरांना शोभेसाठी हात लावू नये. त्यांचे आकार आणि जागा वायरटेस्ट ही फाइल बांधून ठेवते, ती वायरचेकमधून तयार होते. त्यांच्यातल्या फील्डांचा क्रम बदलला तर जुने सर्व्हर आणि नवे क्लायंट एकमेकांशी वेगळ्याच भाषेत बोलू लागतील.

बांधणी हा या मालाचा सगळ्यात कंटाळवाणा भाग. क्लायंट कर्नलच्या बाहेर असल्यामुळे कर्नलने एखाद्या फंक्शनची आर्ग्युमेंटं बदलली, की इथे ऑटोकॉन्फमध्ये (बांधणीआधी सिस्टिम तपासणाऱ्या हत्यारात) एक नवी तपासणी वाढते. ही तपासणी म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. तो भलत्याच इशाऱ्यामुळे कंपाइल झाला नाही, तर क्लायंट चुकीच्या गृहीतकावर बांधला जातो. नव्या कर्नलवर बांधणी मोडली तर आधी कॉन्फिग-लॉग उघडा, सी फाइल नंतर. केवळ क्लायंट हवा असेल तर कॉन्फिगरला सर्व्हर बंद ठेवायला सांगा, वेळ वाचतो.

पॅच पाठवायची शिस्त कडक आहे आणि ती चांगली आहे. आधी जिरा या बगच्या नोंदवहीत एलयू क्रमांकाचं तिकीट, मग त्याच क्रमांकाने सुरू होणारा कमिट संदेश, सही, आणि गेरिट या पॅच तपासायच्या साइटवर परीक्षण. स्वयंचलित चाचण्या आणि किमान दोन परीक्षकांची संमती. दुरुस्ती आणि सफाई एका पॅचमध्ये मिसळली तर परत येईल, आणि यायलाच हवी: सहा महिन्यांनी कोणी बाइसेक्ट करेल, म्हणजे बग कुठल्या पॅचने आला ते शोधेल, तेव्हा तीनशे ओळींच्या शोभेत एक खरी ओळ शोधत बसेल.

फाइल सिस्टिमच्या क्लायंटमध्ये नुकताच शिरणारा असेल, तर लस्टरने सुरुवात करू नये. सेफएफएस या अशाच दुसऱ्या फाइल सिस्टिमचा क्लायंट २०१० मध्ये कर्नल २.६.३४ मध्ये आला आणि तिथेच वाढला. त्यात कर्नलचीच फंक्शनं आहेत, थर कमी आहेत, ऑटोकॉन्फचा जाच नाही. लस्टर त्यानंतर, लॉक आणि संदर्भ काउंट हातात बसल्यावर. ज्यांच्या नोकरीतच लस्टर आहे त्यांना हा पर्याय नाही. त्यांनी डीबग लॉगपासून सुरुवात करावी, कोड नंतर.

आणि पॅच चालला, चाचण्या हिरव्या झाल्या, तरी मशीन तसंच सोडू नये. अनमाउंट करा, लस्टर-आरएममॉडने सगळी मॉड्यूल उतरवा आणि डीमेसेज (कर्नलचा लॉग) वाचा. ओबीडी मेमरीच्या ओळीत 'लीक्ड' आणि पुढे एखादा आकडा दिसला, तर डीबगमध्ये मॅलॉक मास्क जोडून सगळं पुन्हा चालवा आणि लॉग टेस्ट फोल्डरमधल्या लीक-फाइंडरला द्या. कुठल्या फाइलीच्या कुठल्या ओळीवर घेतलेली मेमरी परत आली नाही, ते तो सांगतो.